माझ्या घराचे दोन उंबरे

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे आजच लिहितोय. अक्षर सांभाळून घ्या.

आमच्या आवारात घरं आठ, मालक आठ, विहीर मात्र सगळ्यांची. तिचा गाळ काढायचा ठरला आणि काल निरोप आला, "उंबऱ्यामागं आठ आणे." माझ्या घराला उंबरे दोन, एक पुढं आणि एक मागं विहिरीकडं. म्हणजे एकट्या म्हाताऱ्यावर रुपया! सकाळी मागचं दार बुजवायला गवंडी बोलावला.

त्यानं पहिली वीट ठेवली, तोच शेजारची यल्लम्मा रोजच्यासारखी माझ्या घरातून घागर घेऊन आली.

"तात्या, हे काय मांडलंय? आमी पान्याला कुटनं जायाचं?"

मी कारण सांगितलं. ती हसत सुटली.

"अवो, उंबरा म्हंजी घर! दारं कोन मोजतंय?"

तिनं हाका मारून सगळं आवार गोळा केलं. थट्टा झालीच. पण वर्गणी गोळा करणारा विठोबा खाली बसला आणि मागचा उंबरा चाचपून म्हणाला, "ह्यो तर आमीच येऊन-जाऊन झिजवलाय की. ह्यो तात्यांचा न्हाय, विहिरीचा उंबरा हाय. नवा बसवायचा खर्च समद्यांचा."

"व्हय, व्हय," सगळे म्हणाले. मी गवंड्याला ठेवलेली वीट उचलायला सांगितलं.

घरातून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर मी इतकी वर्षं कुरकुरत आलो. मंडळी, यल्लम्माला पाण्याला यायला आज थोडा उशीर झाला असता, तर मी काय बुजवून बसलो असतो?