ज्यातून काढलं, त्यातच

विसाव्या वर्षी मी दहावीच्या गणिताशी झुंजत होते. दोनदा नापास झाल्यावर शाळा सुटली होती आणि बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. आई गव्हाणहून पनवेलच्या बाजारात मासळी विकायला यायची. तिच्या पाटीशेजारी सिक्स-सीटरमध्ये अंग चोरून बसून मी शिकवणीला यायचे. वासाने कुणी नाक मुरडलं की मुद्दाम त्याच्याच बाजूला सरकायचे.

शिकवणीच्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. आवाज चढवायच्या नाहीत, पण चूक सोडायच्याही नाहीत. माझी एक चूक त्यांना पाठ झाली होती. एक्स अधिक वाय बरोबर नऊ, हे पहिलं समीकरण. त्यातून मी झटकन काढायचे, एक्स बरोबर नऊ वजा वाय. इथवर ठीक. मग एक्सच्या जागी ही किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवायची सोडून मी ती पुन्हा पहिल्यातच ठेवायचे. वाय उडून जायचा आणि खाली उरायचं, नऊ बरोबर नऊ.

"हे काय खोटं हाय?" मी हुज्जत घालायचे.

"खोटं नाही गं. पण हाती काय आलं? ज्यातून काढलंस त्यातच परत ठेवलंस. दुसऱ्यात ठेव."

त्याच वर्षी माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. तिला आमच्याकडे आणलं आणि मी तिला मांडीवर घेऊन गणितं सोडवू लागले. माझा तिच्यावर फार जीव जडला, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्यावरून कुणाला तसं वाटणार नाही.

दोनेक महिन्यांनी, कोळंबी सोलता सोलता, आईने मान वर न करता विषय काढला.

"तिच्या जागी तू जा. जावय चांगला हाय. पोर परक्या बाईच्या हातात नाय जानार."

दिवसभर बाईंकडे तोच शब्द ऐकून आले होते. एक्सच्या जागी, वायच्या जागी.

"आन परीक्षा?" मी विचारलं.

"पोरीला बघशील का तुझ्या एक्स-वायला?"

बाबा ओटीवर जाळं शिवत होते. ते म्हणाले, "आपलंच घर हाय. नवीन काय हाय त्यात?"

नवीन काहीच नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. तेच घर, तीच चूल, बहिणीच्याच साड्या. आठ दिवस मी गणिताची वही उघडून तशीच मिटत राहिले. मग मासळी कापत बसलेल्या आईला म्हटलं, "आये, मी तिच्या जागी गेले म्हनून ती परत येनार नाय. तुझी एक पोर गेली, आता दुसरीपन जाईल. मी नाय जानार."

आई रागावली नाही. तिने कोयता बाजूला ठेवला, हात धुतले आणि पोरीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. ते मला फार लागलं.

परीक्षेत तसलंच गणित आलं. किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवली आणि काठावर का होईना, पास झाले. त्याच सुमारास भावोजींचं कोन गावच्या एका मुलीशी लग्न झालं आणि ते पोरीला घेऊन गेले. निरोपाच्या वेळी ती झोपलेली होती. पुढे मी नर्सिंगचा कोर्स केला, रोडपालीला खोली घेतली. आजही स्वतःच्या नावाने जगते.

पोरगी दहा वर्षांची झाल्यावर सुट्टीत माझ्याकडे राहायला आली. नव्या आईने वाईट वागवलं असं नाही, पण दोन भाऊ झाल्यापासून ही घरात हळू बोलायला शिकली होती. मी भात वाढत असताना तिने विचारलं, "मावशी, आजी सांगते, तू माझी आई होनार होतीस. मग का नाय झालीस?"

मी तिच्या ताटात आणखी भात वाढला, आणि तिने तो संपवला.

उत्तर आलं तरी ताळा केल्याशिवाय बाई वही मिटू द्यायच्या नाहीत. ताळा दोन्ही समीकरणांत करायचा असतो. माझ्या समीकरणात माझं उत्तर बरोबर येतं. पोरीच्या समीकरणात ते ठेवून बघायचं धाडस मला अजून झालेलं नाही.