सत्तावीसपैकी बावीस

एका पोरीनं माझ्याकडं मदत मागितली आणि मी तिला शिरा वाढला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लाज वाटते.

लातुरात क्लासच्या पोरींना मी दोन खोल्या भाड्यानं दिल्यात, जेवणही माझ्याकडंच. आमच्याकडं रविवारी टेस्ट आणि सोमवारी मोबाईलवर मार्क. त्यामुळं मोबाईलवर आकडा दिसला की आईबापांना काय, मलाही तो मार्कांचाच वाटतो. धर्माबादहून आलेली एक पोर महिनाभर गप्प गप्प होती. एका सोमवारी सकाळी ती ओट्यापाशी आली आणि काही न बोलता तिनं फोन पुढं धरला. माझा चष्मा देवघरात. डोळे बारीक करून बघितलं, तर सत्तावीसपैकी बावीस!

"अगं बया! बावीस? लई भारी!" मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि साजूक तुपातला शिरा टाकला. ती ताटलीकडं बघत बसली, दोन घास खाल्ले आणि उठून गेली. मला वाटलं, क्लासची घाई असेल.

पुढं दोन दिवस तिचं ताट तसंच परत आलं. तिसऱ्या दिवशी मी भडकलेच. "एवढे मार्क घेतलेस, मग अन्नावर कशाचा राग काढायलीस?"

"मावशी, ते मार्क न्हाईत," ती म्हणाली. "ते जितके जास्त, तितकं वाईट असतंय."

चष्मा लावून मी तिच्या फोनमधलं ते मनाची तपासणी करणारं ॲप वाचलं. झोप लागते का, कशात मन रमतं का, मेलेलं बरं असं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला तिनं 'रोजच' लिहिलं होतं. सगळ्यात खाली होतं, 'हा निकाल तुमच्या विश्वासातल्या माणसाला दाखवा.' तिनं दाखवला होता की!

तिला जवळ ओढून विचारलं, "आत्ताबी तसंच वाटतंय का गं?"

"हाव," म्हणाली आणि रडायला लागली.

तिला क्षणभरही एकटं सोडलं नाही. तिच्या वडलांना फोन लावला आणि ऑटोनं थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकड्यावरून आजार ठरत नसतो, ते मी बोलून ठरवीन. पण हिनं हे भरलं ते फार बरं केलं."

मला त्या ॲपचा अजून राग येतो. मरणाचं विचारायचं आणि आकडा हातात देऊन गप्प बसायचं, ही काय रीत झाली? माझ्यासारखी बिनचष्म्याची भेटली तर पोरीनं काय करावं? पण खरं सांगते, त्यानं निदान विचारलं तरी. मी भाजीत मीठ बरोबर हाय का विचारायची आणि बाप मार्क विचारायचा.

क्लास सोडून ती दोन महिने गावी राहिली. औषधं चालू होती, डॉक्टरीणबाईंकडं फेऱ्या चालू होत्या. मग स्वतःच्या मनानं परत आली. परवा पुन्हा ओट्यापाशी येऊन तिनं फोन पुढं धरला. मी म्हटलं, "थांब गं बाई," आणि आधी चष्मा आणला.

सहा.

मार्क घटले म्हणून शिरा करणारी अख्ख्या लातुरात मी एकटीच असेन. या खेपेला तिनं दुसऱ्यांदा मागून घेतला.