वाटणीत आलेला माणूस

"मुलुंडचं हॉटेल, टेम्पो, दोन डीप फ्रीजर आणि प्रसित," संजय परब बोटांवर मोजत म्हणाले. "हे वाटणीत माझ्याकडे आलं."

"प्रसित म्हणजे?" मी विचारलं.

"आमचा थाई कुक." त्यांनी मागे मान वळवली. दाराजवळच्या खुर्चीत पस्तिशीचा एक माणूस मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता. "त्याचा व्हिसा संपत आलाय. नवीन करताना माझ्या कंपनीचं नाव टाका. बस, एवढंच काम."

मी अंधेरीला एका व्हिसा कन्सल्टन्सीत आहे. परदेशातून इथे नोकरीला येणाऱ्यांचे कागद आम्ही करतो. आपली माणसं आखातात गेली की मालक बदलताना त्यांचे काय हाल होतात, ते सगळे ऐकून असतात. आपल्या देशातही नियम कडक आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. एम्प्लॉयमेंट व्हिसा मिळतो तो एका कंपनीतल्या कामासाठी. इथे राहून कंपनी बदलता येत नाही. आधी देश सोडायचा, आपल्या देशातून नवा व्हिसा काढायचा आणि मग परत यायचं.

याला एक अपवाद आहे. मी रिसोडच्या शाळेत शिकले, घरात पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली. इंग्रजीतले सरकारी नियम वाचायला मला ऑफिसातल्या आमच्या पिंटो सरांनी शिकवलं. "एक्सेप्ट, म्हणजे 'खेरीज', हा शब्द दिसला की पेन्सिलने गोल कर," ते म्हणायचे. "क्लायंटचं नशीब त्याच्या पुढे असतं." अपवाद असा, की एक कंपनी दुसरीची मालक असेल किंवा दोन्हींची मालक एकच कंपनी असेल, तर परवानगी घेऊन बदल करता येतो.

परबांकडे तसं काही नव्हतं. आजोबा गिरणीत होते, वडिलांनी घाटकोपरला खानावळ काढली, मुलांनी ती वाढवून मुलुंडला दुसरं हॉटेल टाकलं. दोन्ही एकाच कंपनीची होती. पुढे भावांचं बिनसलं. घाटकोपर आणि जुनी कंपनी थोरल्या दिनकररावांकडे राहिली, मुलुंडसाठी संजयरावांनी नवी कंपनी काढली. प्रसित पहिल्यापासून मुलुंडच्याच किचनमध्ये होता. तो शेगडीपासून हललासुद्धा नाही. त्याच्या पायाखालची कंपनी मात्र बदलली, आणि त्या दिवसापासून त्याचं काम बेकायदा झालं.

हे सांगितल्यावर संजयराव हसले. "मॅडम, आम्ही सख्खे भाऊ आहोत."

"रक्ताचं नातं चालत नाही, शेअर लागतात."

"मग कागदावर दादाकडे राहू दे. काम माझ्याकडे करेल. कोण बघायला येतंय?"

"आलं कोणी, तर तुम्हाला दंड भरून सुटता येईल. याला देशाबाहेर काढतील, आणि पुन्हा येऊ देतील याची खात्री नाही."

पिंटो सरांनी केबिनमधून ऐकलं होतं. ते बाहेर येऊन म्हणाले, तसलं काम आम्ही घेत नाही, दुसरीकडे बघा. संजयरावांनी मोबाइल टेबलावर ठेवला. मग विचारलं, "सरळ रस्ता कुठला?"

सरळ रस्त्यात दिनकरराव बसले होते. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला एफआरआरओ म्हणतात. प्रसित राजीखुशीने नोकरी सोडतोय, हे तिथे त्यांच्या कंपनीने कळवायला हवं होतं. त्याऐवजी 'न सांगता निघून गेला' असं कळवलं असतं, तर त्याला पुन्हा व्हिसा मिळणं जवळपास अशक्य होतं. आणि भावांचं बोलणं बंद होतं.

प्रसितने त्याच दिवसापासून मुलुंडचं काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन घाटकोपरला गेले. दुपारची गर्दी ओसरली होती. दिनकरराव गल्ल्यावर होते. माझं सगळं ऐकून घेतलं, पण बघत होते प्रसितकडे.

"ह्याला मी आणला. एअरपोर्टवर घ्यायला मी गेलो. आणि जाताना मला एका शब्दाने सांगितलं नाही. निघून गेला असंच लिहिणार मी. खोटं आहे काय?"

प्रसितला मराठी समजतं, बोलतो मात्र हिंदी. तो सावकाश म्हणाला, "बडे सेठ, मैं किधर गया? मैं तो उधरीच था. आप दोनों अलग हुए. मेरे को किसी ने पूछा नहीं."

दिनकररावांनी गल्ल्याचा ड्रॉवर उघडला आणि तसाच बंद केला. वेटरला चहा सांगितला. चहा आल्यावर ते घरच्यासारखं मालवणीत बोलले.

"तुका खंय ऱ्हवाचा आसा?"

"मुलुंड," प्रसित म्हणाला. मग थोडं थांबून, "आप बुरा मत मानो."

"वाईट वाटतलाच," दिनकरराव म्हणाले आणि माझ्याकडे हात पुढे केला. "काय लिहून देऊचा, ता सांगा."

त्यांनी सही केली, अकाउंटंटला ऑनलाइन कळवायला लावलं. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी प्रसितला हाक मारली. "परत इलंस की पूर्वीसारखो आयतवारी इकडे येतलंस मा? दोन तास. सुरमई तुझ्या हातची लोक अजून विचारतत."

"साहेब, तेही चालणार नाही," मी म्हटलं. "व्हिसा मुलुंडच्या कंपनीचा असेल."

"मग खाऊक येऊ दे," ते म्हणाले. "खाऊक तरी व्हिसा नको मा?"

खायला नको, असं मी सांगितलं.

प्रसित व्हिसा संपण्याआधी मायदेशी गेला. मुलुंडच्या मेनूकार्डातल्या थाई पानावर संजयरावांनी तो येईपर्यंत झाकायला कोरा कागद चिकटवला. तिकडच्या आपल्या दूतावासाने बरेच प्रश्न विचारले, थांबवून ठेवलं, शेवटी व्हिसा दिला. तो परतला त्या दिवशी त्याला घ्यायला एअरपोर्टवर मुलुंडचा टेम्पो गेला होता. तिथे दिनकररावही उभे होते, असं संजयरावांनीच मला फोनवर सांगितलं. दोघे एकमेकांशी बोलले का, ते मी विचारलं नाही. तो आमच्या कामाचा भाग नाही.

घरची कंपनी घेऊन कोणी आलं, की आता मी दोन प्रश्न आधी विचारते. भाऊ एकत्र आहात की वेगळे? आणि ज्याचा व्हिसा आहे, त्याला कोणी विचारलंय का? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं.