हेरोनिमाचा फिरता पलंग

"एका दुपारपुरता पलंग मागतोय मावशी, किडनी नाही!"

"आणि रात्री पोरगी कुठं निजेल? तुझ्या टकलावर?"

आमच्या भिंती पुठ्ठ्याच्या, त्यामुळं कान द्यायची गरजच नव्हती. आवेलिनो माझ्या शेजारणीशी, हेरोनिमाशी भांडत होता. त्या दिवसापासून इमारत तिच्यावर उलटली ती उलटलीच.

अमेरिकेच्या सीमेवर एकटं सापडलेलं पोर कुणाच्या घरी ठेवायचं, तर सरकार आधी एक बाई पाठवतं. बाई पलंग बघते, फ्रिज उघडते, जाते. महिन्यानं एक फोन. झाली राखण! आम्ही कोंबड्या कापायच्या कारखान्यात राबणारी ग्वाटेमालाची बिनकागदाची माणसं, जमिनीवर गाद्या टाकून निजणारी. खरा पलंग एकट्या हेरोनिमाचा. तपासणीला तो घरोघर फिरायचा. शेजाऱ्याला वस्तू नाकारणं आमच्यात पापच. तोच पलंग, तीच गुलाबी चादर, तीच बाई. बाईला कधी ओळखू आला नाही. कितीतरी आयांना त्याच्यामुळं पोरं परत मिळाली.

आवेलिनोला मात्र ती नाही म्हणाली. त्यानं आधी आणलेल्या 'भाची'नं शाळेचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

"सड त्याच पलंगावर, म्हातारे!" म्हणत तो गेला. त्यानं मेव्हण्याचा पलंग आणला. बाई खूश. चौदा वर्षांची मार्लेनी आली, पलंग परत गेला.

हेरोनिमा शनिवारी केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तमाल विकायची; दाराशी लाल दिवा लागला की तमाल तयार, ही आमच्याकडची खूण. एक तमाल आवेलिनोच्या दारी न्यायची. "पोरीचा आहे, पोरीच्याच हातात देणार." एकदा मार्लेनी दारात आली, तर डोळे उघडत नव्हते, बोटं औषधानं सोललेली. रात्रभर कारखान्यातली यंत्रं धुवायची. सरकारचा फोन आला तेव्हा आवेलिनो शेजारीच बसलेला. पोर 'बरी आहे' म्हणाली.

हेरोनिमा सरकारला कळवणार, हे फुटलं. जिन्यात सगळे जमले.

"एका पोरीपायी आम्हाला पकडून देतेस, सटवे?" काटालिना किंचाळली. तिची दोन्ही पोरं हेरोनिमाच्याच पलंगामुळं परत मिळालेली.

"पकडतील तेव्हा पकडतील. तोवर तुमची यंत्रं चकचकीत आहेत ना?"

तिनं इमारतीतल्या पोरांच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंकडून फोन लावलाच. माणसं आली, मार्लेनीला घेऊन गेली. दुसऱ्या घरी ठेवली, शाळेत जाते म्हणतात. पकडलं कुणालाच नाही. पण उपकार कोण मानतो? लाल दिवा जळायचा, गिऱ्हाईक फिरकायचं नाही. दारावर अंडी फुटायची. "फुकट देतात मेले," ती म्हणायची, "पण उकडून देत नाहीत."

हेरोनिमा एका रविवारी पहाटे वारली. आदल्या दिवशी धाप लागलेली असतानाही तिसऱ्या मजल्यावर चढली. तिथं नवी पोर आली होती.

"झोपलीय ती!" आतून पुरुष खेकसला. "नरकात जा!"

"जाईन. आधी तिला उठव."

ती टोपली घेऊन उभीच राहिली. शेवटी पोरगी आली. हेरोनिमानं गरम तमाल तिच्या ओंजळीत ठेवला, तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली, आणि पुढच्या पोराचं दार ठोठावलं.