पडवीतलं नूक

शेजारच्या काकांनी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, तेव्हापासून त्यांना इंग्रजी शब्दांची भारी हौस. मी इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे कुंपणावरून हाक येते, "सर, नूक म्हंजे काय हो?"

मी सांगितलं, "उबदार, आडोशाचा कोपरा. निवांत पडून राहावं असा."

झालं! पडवीच्या कोपऱ्यात गादी पडली, फोटो निघाला, जाहिरातीत 'नूक' आलं. मांजर व्यायली तीही "नुकात व्यायली".

मे महिन्यात तो फोटो बघून पुण्याच्या एक बाई पुस्तक घेऊन आल्या. कोपऱ्यात गादी नव्हतीच. गवत पसरून हापूस पिकायला अढीत घातलेले. बाई चिडल्या. मला वाटलं, आता काका आंबे हलवणार. पण त्यांनी उघडा पडलेला एक आंबा गवताने झाकला आणि हळूच म्हणाले, "सरांनीच सांगितलंनी, निवांत पडून राहायची जागा. मग पहिला मान आंब्यांचा. तुम्ही शेजारी बसा."

बाई धुसफुसत बसल्या, त्या संध्याकाळपर्यंत उठल्याच नाहीत. निघताना म्हणाल्या, "पुढच्या मे महिन्यात हीच जागा ठेवा हं माझ्यासाठी."

"आंब्यांना विचारून कळवतो," ते म्हणाले.