मांडी घालून बसता येईल अशी पँट

कॉलेजातल्या पहिल्या मॉक, म्हणजे सरावाच्या, इंटरव्ह्यूत प्लेसमेंटच्या मॅडमनी माझ्या उत्तरांबद्दल एक शब्दही काढला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बेटा, बार-बार शर्ट मत खींचो. कॉन्फिडेंस नहीं दिखता."

सगळा वर्ग बघत होता. मी मान हलवली. शर्ट ओढला नाही तर खुर्चीत बसल्यावर मागून कंबर उघडी पडते, हे मुलांसमोर कसं सांगणार? पँटच तशी होती. मी आठवडाभर उत्तरं पाठ केली होती आणि मार्क कापले गेले ते शर्ट ओढल्याचे.

कॉलेजचा नियम होता की नोकरीच्या इंटरव्ह्यूला मुलींनी पँट-शर्टच घालायचा. सलवार-कुर्ता चालणार नाही. जिचे कपडे 'प्रोफेशनल' नसतील तिला दारातूनच परत पाठवणार. हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजोबा बिर्लानगरच्या गिरणीत होते, बाबा शाळेची व्हॅन चालवतात. फॉर्मल पँट कशी असते हे घरी कुणाला विचारणार? म्हणून मी नया बाजारातून तयार पँट आणली होती. बसताना मांडीवर ताणायची, उन्हात पायाला चिकटायची. खिशाच्या जागी नुसती शिवण होती, आत हात जातच नव्हता. मी दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "दीदी, लेडीज़ फ़ॉर्मल में यही आता है. जेब का क्या करोगी, पर्स है ना?"

मी पैसे देऊन पँट घेऊन आले. राग मला नेहमी घरी पोचल्यावर येतो.

मॉक इंटरव्ह्यूच्या दिवशीही तसंच झालं. मी पँट काढून पलंगावर फेकली आणि आईला म्हटलं, "मी इंटरव्ह्यू देणार नाही."

आईने पँट उचलली, कमरेला ताणून बघितली. "ही घालून जेवायला बसून दाखव बरं," ती म्हणाली. आम्ही जमिनीवर बसून जेवतो. मी मांडी घालून बसूच शकले नाही. आई हसली नाही. तिने ट्रंक उघडली आणि कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेला एक राखाडी पँटपीस काढला. चांगला, जाड, सुती. तो मामांना द्यायचा ठरला होता.

"मामांना काय देशील?"

"टॉवेल-टोपी. मामा काय इंटरव्ह्यूला जाणार आहेत?"

ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी पँटला सरळ नाही म्हटलं. मग बाबा मला फूलबागेजवळच्या त्यांच्या ओळखीच्या दर्जीकडे घेऊन गेले. त्याने कापड चोळून बघितलं, खूश झाला, गळ्यातली टेप काढली आणि बाबांच्या कमरेकडे वळला.

"मेरी नहीं, बेटी की है," बाबा म्हणाले.

टेप परत गळ्यात गेली. "भाईसाहब, लेडीज़ हम नहीं सिलते. नाप का लफड़ा रहता है."

"नाप घर से ले आएँगे."

"फिर भी. लेडीज़ में हमारा हाथ नहीं बैठा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग हळूच म्हणाले, "अरे मास्टर, लड़के की समझ के सिल दो."

मी दुकानातून बाहेर निघून आले. बाबा मागून आले. व्हॅनमध्ये बसल्यावर म्हणाले, "काम होऊन जाईल ना. त्याच्याशी कशाला झगडायचं?"

मी बाबांना कधी उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता की आपण दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेले लोक. आणि एका दर्जीसमोर माझी पँट आहे म्हणून सांगायला घाबरता?"

बाबांनी किल्ली फिरवली आणि व्हॅन घराकडे घेतली. मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही.

दुसऱ्या दिवशी आईने घरी माप घेतलं. मी मांडी घातली, उकिडवी बसले, पुन्हा उभी राहिले आणि आई प्रत्येक वेळी टेप धरून बघत राहिली. ते माप घेऊन मी एकटीच दर्जीच्या दुकानात शिरले. बाबा व्हॅन लावून बाहेर थांबले, मीच थांबायला सांगितलं होतं.

"पैंट मेरी है," मी म्हटलं. "बैठने में ढीली चाहिए. जेब दोनों तरफ़, पूरी, हाथ अंदर जाए इतनी."

त्याने बाहेर बाबांकडे बघितलं. बाबांनी तिथूनच माझ्याकडे बोट दाखवलं. "उसी से पूछो, मास्टर."

त्याने तोंड वाकडं केलं आणि माप लिहून घेतलं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मॅडम दारात उभ्या होत्या. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "ये जेंट्स की है क्या?"

"मेरी है, मॅम. सिलवाई है."

पँट इस्त्रीची होती, पायावर सरळ पडत होती. त्यांना नाव ठेवायला काही सापडलं नाही. मी आत गेले. उत्तरं फार चांगली दिली असं नाही, एका प्रश्नाला अडखळलेच. पण हात मांडीवर शांत राहिले आणि समोरच्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं. संध्याकाळी मला दुसऱ्या फेरीसाठी निवडल्याचं सांगितलं.

तरी मला आनंद झाला असं म्हणता येत नाही. तिथेच, माझ्यानंतर इंटरव्ह्यू दिलेली मुलगी भिंतीकडे तोंड करून शर्ट खाली ओढत होती. मॅडम तिला तेच सांगत होत्या, कॉन्फिडेंस. माझ्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली. पण मी मॅडमना काही बोलू शकले नाही, दुसरी फेरी त्यांच्याच हातात होती.

मॅडम गेल्यावर मी त्या मुलीला दर्जीच्या दुकानाचा पत्ता सांगितला.

"वो लेडीज़ सिलता है?" तिने विचारलं.

"पहले मना करेगा," मी म्हटलं. "तू बोलना, मेरी सहेली की सिली है. ना माने तो मुझे बुला लेना."