शिवेवरचा वाघदेव आणि दोन नकाशे

राज्ये वेगळी झाली, तेव्हा मी नवापूरकडे मोजणीदार होतो. शिवेलगतच्या आपल्या गावांचे नकाशे पलीकडच्या गावांच्या नकाशांशी जुळवून एकच नकाशा करावा, असा हुकूम आला. काम बैठे वाटले. तसे ते नव्हते.

आमचा नकाशा एकर-गुंठ्यांचा, पलीकडचा एका जुन्या संस्थानाच्या अमदानीतला, बिघ्यांचा. प्रमाण सारखे करून दोन्ही पारदर्शक कापडावर उतरवले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. नाला जुळवला की शीव फाटे. शीव जुळवली की नाल्याचे दोन नाले होत. उत्तरेचा बाण दोन्हींवर होता, पण दोन बाणांच्या दिशा दोन. खरी उत्तर कोणती, हे कचेरीत कोणालाही सांगता आले नाही.

शिवेवरचा वाघदेव मात्र दोन्ही नकाशांत होता. मी तेथेच टाचणी रोवली. शीव तरीही पाचरीसारखी उघडी राहिली. त्या पाचरीतली जमीन कोणत्याच नकाशात नव्हती, आणि नेमके तेथे एका कोकणी आदिवासी शेतकऱ्याचे वावर होते.

तो कचेरीत आला. घरची बोली वेगळी. आमच्याशी तो बाजारातली अहिराणी बोले.

"बाप मरी गया, साहेब. वावर मन्हा नाववर चढत नही. तठला तलाठी म्हनस आठे जा, आठला म्हनस तठे जा."

आमचा साखळी धरणारा शिपाई तोंडाळ होता. "आबा, तुम्हनं वावर तं उडी गयं! आते तुम्हले दोन्ही राज्यं माफ."

"हासू नको रे. तुन्हं घर उडनं म्हंजे समजी."

मी शिपायाला गप्प केले आणि दुसऱ्या दिवशी शिवेवर गेलो.

तेथे वाघदेव एक नव्हता. लाकडी खांबांची रांगच होती. नव्या खांबावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले स्पष्ट दिसत. जुन्यांचे नुसते वाळवीने खाल्लेले खुंट. खांब कुजला तरी उपटायचा नाही, नवा त्याच्या शेजारी रोवायचा, अशी त्यांची रीत. शेजारी म्हणजे कोणत्या अंगाला, हे जमीन नरम लागेल त्यावर. दोन्ही नकाशांच्या मोजणीदारांनी आपापल्या काळातला खांब धरला होता.

"यातला देव कोणता?" मी विचारले.

"सारा. देव एकच शे, लाकूड बदलस."

"वडिलांच्या वेळचा कोणता?"

त्याने एका खुंटाला हात लावला, मग दुसऱ्याला. मग हात मागे घेतला. "मी धाकला व्हतू, साहेब. ध्यान नही."

एक खुंट धरला तर वावर इकडे येई, दुसरा धरला तर तिकडे जाई. अंदाजाने एखादा धरणे मला मान्य नव्हते.

अखेर देव सोडून दिला. टेकडीच्या माथ्यावर साऱ्या देशाच्या मोठ्या मोजणीचा दगड होता. तो गावनकाशांत नव्हता, पण जागचा हललाही नव्हता. तेथून दोन्ही गावांतल्या जुन्या विहिरींचे कोन आणि अंतरे घेतली. विहिरी कोऱ्या कागदावर मांडल्या आणि प्रत्येक नकाशा आपापल्या विहिरींवर बसेपर्यंत फिरवला. पाचर मिटली. वावर आपल्या बाजूला आले.

मी त्याला कागद दाखवला. आपली जागा पाहून त्याने मान हलवली. मग नाल्याच्या रेघेवरून बोट फिरवत आणले आणि थांबला. रेघ एके ठिकाणी तुटलेली होती.

"नाला आठे का बरं तुटना?"

"माहीत नाही," मी म्हणालो. नाल्याने पात्र बदलले असेल, मोजणी चुकली असेल, किंवा मी. रेघ जोडून टाका, असे वरिष्ठ म्हणाले. मी जोडली नाही.

वावर त्याच्या नावावर चढले. त्याच्या बांधावर मी शिवेचा दगड रोवून आलो. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा दगडाला शेंदूर लागलेला होता आणि त्याला खेटून वाघदेवाचा नवा, ताजा कोरलेला खांब उभा होता.

"येथे का?" मी विचारले.

"जुना कुजना," तो म्हणाला. "आनि आठे जमीन नरम लागनी."

तेथे जमीन नरम नव्हती. दगडासाठी खड्डा करताना आमची पहार वाकली होती.